हळदीच्या अंगानं खेळलेली फायनल

दाजी,

तुमच्या तालमीची पोरं परवा घरी येऊन लेख घेऊन गेली. स्मरणिकेसाठी. त्यात तुमचा जन्म आहे, उद्यमनगरातलं लेथ मशीन आहे, जिंकलेले कप आहेत आणि 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्यसुद्धा आहे. तुम्ही शेजारी असता तर म्हणाला असता, मास्तर, पोकळी सिलेंडरात असती, माणसात न्हाय. लेख बरा झालाय, एखादा हेडमास्तर वारल्यावर लिहितात तसा. त्यात तुम्ही मात्र कुठं सापडत नाही. म्हणून हे दुसरं लिहायला बसलोय. हे कुणाला द्यायचं नाही, तुमच्या माझ्यातच ठेवायचं.

दाजी म्हणायची सवय मला लग्नानंतर लागली. त्याआधी मी तुम्हाला नाऱ्या म्हणायचो, आणि त्याहून वाईटही बरंच काही. कोल्हापुरात माणसाला आधी पेठ असते आणि मग नाव. पेठेला तालीम असते, तालमीला फुटबॉलची टीम असते आणि दोन तालमींचं कधी पटत नसतं. तुम्ही त्या पेठेचे सेंटर फॉरवर्ड आणि मी ह्या पेठेचा कीपर. आपल्या दोघांच्या घरात चालत गेलं तर पानाचा विडा चघळून होईपर्यंतचं अंतर. पण मी तुमच्या गल्लीत पहिल्यांदा पाऊल टाकलं ते अक्काची सुपारी फोडायला.

ते स्थळ आणलं आमच्या मामानं. मामा इचलकरंजीचा, यंत्रमागाच्या खडखडाटात कान गेलेला. त्याला फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं मशीन, घरी फक्त आई, एवढं त्यानं बघितलं. आमचे वडील, आबा, तालमीचे जुने कारभारी. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण अक्काचं वय चाललं होतं. खेळ खेळाच्या जागी, सोयरीक सोयरिकीच्या जागी, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली. तुमच्या आईला तर ही सोयरीक बिलकूल नको होती. तुम्ही अक्काला एकदा अंबाबाईच्या देवळात बघितलं होतं आणि करीन तर हिच्याशीच म्हणून हट्ट धरून बसला होता, म्हणून त्या तयार झाल्या. सुपारीच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "त्या पेठंची पोरगी हाय. बघू, पायगुण कसा हाय ते."

अक्कालाही आम्ही बरोबर नेलं होतं, ती आत चहा गाळत होती. तिनं ते ऐकलं. घरी चालत येताना ती सगळ्यांच्या मागं राहिली. त्या वाक्याची धास्ती तिच्या मनात तेव्हापासून बसली होती, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा माझं सगळं लक्ष फायनलकडं.

कारण त्या वर्षी नेमक्या आपल्या दोन टीमा फायनलला आल्या. पहिल्या दिवशी एकही गोल झाला नाही, पण गॅलरीतून दगड झाले. दोन्ही बाजूंनी झाले, तुमच्याकडून जरा जास्त. ह्यावर तुमचं मत वेगळं होतं, माहीत आहे. मॅच अर्धवट थांबली आणि पुन्हा खेळायची जी तारीख लागली ती नेमकी हळदीच्या दिवसाची. पत्रिका वाटून झालेल्या, मांडव पडलेले. तारीख बदला म्हणून अर्ज करायला कुणाचं तोंड होणार? कारण काय लिहायचं, एका टीमचा सेंटर फॉरवर्ड दुसऱ्या टीमच्या कीपरच्या बहिणीशी लग्न करतोय?

आमच्या पेठेत आनंदीआनंद झाला. हळद लागलेला नवरा उंबरा ओलांडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंग पिवळं झालं की हातात लिंबू खोचलेली कट्यार घेऊन बसायचं, बाहेरची नजर लागू द्यायची नाही. म्हणजे तुम्ही घरी बसणार. तुमच्याशिवाय तुमची टीम म्हणजे मीठ नसलेलं मटण. आमच्या पोरांनी हलगीवाले आधीच सांगून ठेवले.

मी निघताना आई दारात आली. मांडवात बायका पापडाच्या गप्पा मारत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आई मला म्हणाली, "आणि जावई आलाच खेळायला, तर त्याच्या पायात पडू नगंस. उद्या बोहल्यावर उभा ऱ्हायचा हाय." बायका हसल्या. मीही हसलो. त्या एका वाक्यानं पुढं माझी किती वर्षं खाल्ली, दाजी.

आता माझं गणित सांगतो. तुम्ही ते हजारदा ऐकलंय, तरी अजून एकदा ऐका. तुम्ही कीपरला झोपवायचा. गोलजवळ आलात की पाय असा काही हलवायचा की कीपर पुढं झेपावून तुमच्या पायात पडायचा. मग तुम्ही त्याला वळसा घालून मोकळ्या गोलात चालत जायचा. गावातले सगळे कीपर असे झोपले होते, मी सुद्धा दोनदा. लांबून मारलेला फटका तुमच्याकडून कुणी पाहिला नव्हता. डावा पाय तर तुम्ही चालण्यापुरता वापरायचा. मी नुकताच हायस्कुलात गणित शिकवायला लागलो होतो, डोकं गरम होतं. मी ठरवलं, ह्या माणसासमोर पुढं जायचंच नाही. रेषेवर उभं राहायचं. झोपवायला समोर कुणी नसलं की हा गडबडणार, उशीर करणार, तोवर आमचे बॅक पोचणार.

ही युक्ती मी कुणालाही सांगितली नाही, कॅप्टनलासुद्धा नाही. आपल्या गावात तालमीत बोललेलं संध्याकाळच्या चहाच्या गाडीवर पोचतं, आणि चहाच्या गाडीला पेठ नसते. मी तोंड शिवून बसलो आणि त्यामुळंच पुढं माझ्या बाजूनं बोलायला एकही माणूस उरला नाही.

पहिल्या हाफमध्ये आम्ही दोन गोल चढवले. तिकडं तुम्ही घरी पाटावर बसलेला. स्टेडियमची आरोळी तुमच्या घरामागच्या परड्यात ऐकू येते, आणि ती कुठल्या बाजूच्या गॅलरीतून आली हे तुम्हाला आवाजावरून कळायचं. दुसऱ्या आरोळीला तुम्ही उठलात. तुमची आई उंबऱ्यावर आडवी बसली. बाहेर पाय टाकायचा न्हाय, म्हणाल्या. पुढचं तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं होतो असंच वाटतं. तुम्ही त्यांच्यापुढं उकिडवे बसलात आणि म्हणालात, नवऱ्यानं एकट्यानं भायेर जायाचं न्हाय न्हवं? मग तू चल की संगट.

आणि त्या निघाल्या. दाजी, हे आठवलं की मला आजही त्या बाईपुढं हात जोडावेसे वाटतात. हाफटाईम संपत आलेला, आम्ही लिंबं चोखत उभे, आणि तुमच्या बाजूच्या दारातून तुम्ही आलात. तोंड, मान, हात, पोटऱ्या सगळं पिवळं, मनगटाला हळकुंड बांधलेलं, वर तालमीचा बनियन. मागं नऊवारीतली तुमची आई, हातात लिंबू खोचलेली कट्यार. तोवर त्या गॅलरीत एखादी बाई दिसली तरी माना वळायच्या. त्या सरळ रेषेजवळ येऊन बसल्या, कट्यार मांडीवर ठेवली आणि पंचांकडं बघितलं. पंचांनी निमूट बदली खेळाडू घेतला.

दुसरा हाफ मी काही फार सांगत नाही, तुम्हालाच सांगायला आवडायचा. तुमच्या टीमचा पहिला गोल झाला तुमच्या पासवर. दुसरा दांडीसमोरच्या चेंगराचेंगरीतून, त्यात तुमचा गुडघा होता की आमच्याच बॅकचा हे देवाला माहीत. चेंडू पिवळा झाला होता. तुम्हाला धरायला ठेवलेला आमचा फुलबॅक पंचांकडं तक्रार करत होता की ह्याची हळद माझ्या अंगाला लागतीया. हळद लागली की लग्न जमतं म्हणतात. गड्याचं त्याच वर्षी जमलं आणि त्याच्या वरातीत तुम्ही नाचलात.

शिट्टी व्हायला थोडा वेळ उरला होता. बरोबरी. आमचे दोन्ही बॅक कॉर्नरसाठी पुढं गेलेले आणि चेंडू लांबून तुमच्या पुढ्यात पडला. तुम्ही एकटे, समोर मी एकटा. आख्खी गॅलरी उभी. मागून पळत येणारा फुलबॅक ओरडत होता, सदा, म्होरं जा, पड त्येच्या पायात. मी हललो नाही. रेषेवर उभा राहिलो. तुमचा पाय एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला, आणि मी तुमचं तोंड बघितलं. तुम्ही गडबडला होता. माझं गणित बरोबर निघालं होतं, दाजी, त्या क्षणी मी जिंकलो होतो. आणि मग तुम्ही आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलंत. लांबूनच, न थांबता, डाव्या पायानं मारलात. वरच्या कोपऱ्यात.

चेंडूमागं नजर गेलेल्या गॅलरीनं एवढंच बघितलं की सेंटर फॉरवर्ड एकटा आला आणि त्याचा मेहुणा जागचा हलला नाही.

तुमच्या पेठेत गुलाल उधळला गेला तेव्हा आमच्या मांडवात अक्का दुपारपासून पाटावर बसून होती. नवऱ्याची उष्टी हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि ती हळद तुमच्या घरी ताटात तशीच पडलेली, कारण ती घेऊन यायची त्या बाईच स्टेडियमात बसल्या होत्या. आधी हरल्याची बातमी आली आणि मग दिवेलागणीला हळद आली. बाहेर गल्ली सुतकात. आई एकटी पुढं झाली, हळद घेऊन आलेल्या करवलीच्या पायावर पाणी घातलं. माझ्या तळहाताची कातडी मैदानाच्या मुरुमानं सोलून निघाली होती. अक्कानं ती बघितली, तिच्याच हळदीतली चिमूट घेतली आणि माझ्या जखमेवर दाबली.

दुसऱ्या दिवशी लग्न. आबा सगळे विधी करत होते, पण माझ्याशी बोलत नव्हते. कानपिळीला मी पुढं आलो. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानाचा फेटा घ्यायचा. मी असा पिळला की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही हळूच म्हणालात, "गोलाचं काढतोयस व्हय?" मी म्हणालो, अजून दुसरा कान शिल्लक आहे. आपल्यातलं पहिलं नात्याचं बोलणं ते. फेटा मला मोठा झाला होता. घरी आल्यावर आबांनी तो खुंटीला टांगला आणि म्हणाले, कप दिलास, फेटा घेतलास.

तिथून सुरू झालं. आईचं मांडवातलं वाक्य बायकांनी घरोघर नेलं होतंच. माझ्या पेठेत मी 'पावणा कीपर' झालो. पुढच्या हंगामात मला बाकावर बसवलं, त्याच्या पुढच्या हंगामात मी बसायलाही गेलो नाही. वर्गात फळ्याकडं वळलो की मागून 'पावणं, अडवा की' ऐकू यायचं. हे सगळं मी गिळलं असतं. पण तुम्ही? एकट्या तुम्हाला खरं माहीत असायला हवं होतं, आणि तुम्हीच चौकाचौकात सांगत सुटलात की गोल सदानं दिला. कुणी तुमच्या पाठीवर थाप मारून त्या फटक्याचं कौतुक केलं की तुम्ही मान हलवायचा आणि म्हणायचा, माझं कशाचं, मेहुण्याचं उपकार. लोकांना वाटायचं, काय मोठ्या मनाचा गडी! मला वाटायचं, उठावं आणि तुमच्या टाळक्यात पाना घालावा.

किती भांडलो मी तुमच्याशी. तुमच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून, लोखंडाचा कीस उडत असताना, मी आकृत्या काढून दाखवायचो. हा गोल, हा मी, हे अंतर, हा कोन. तुम्ही तेलकट हातानं चहाचा कप पुढं सरकवायचा. "जाऊ दे मास्तर, दिलास ते दिलास." दिवाळीला भांडलो, अक्काच्या ओटीभरणीला भांडलो. तुमच्या थोरल्याच्या बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहून भांडलो आणि नाव ठेवायचं राहून जात होतं. आणि एवढं भांडून माझा एकही रविवार तुमच्याकडं जेवल्याशिवाय गेला नाही. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला तुम्ही पुढं होतात. माझ्या बायकोच्या बाळंतपणात रात्रंदिवस तुमची मोटरसायकल दवाखान्याच्या दारात उभी होती. तुमच्यावर धड रागावताही यायचं नाही, हीच माझी मोठी तक्रार होती.

एकदा तर मी हट्टाला पेटून तुम्हाला मैदानावरच नेलं. रविवारची सकाळ, तुमचं पोट सुटलेलं, माझ्या डोळ्यांवर चष्मा. मी रेषेवर उभा राहिलो आणि म्हणालो, तिथूनच मारा, डाव्या पायानं. मला दाखवायचं होतं की तो फटका कुणालाच अडवता आला नसता. तुम्ही धावत आलात आणि मारलात. चेंडू गोगलगायीसारखा येऊन माझ्या पायाशी थांबला. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, बघ, मनात आणलं की अडवतोस. मी चिडून चेंडू रस्त्यावर भिरकावला. तो शोधायला आपण दोघं एका म्हशीच्या गोठ्यात शिरलो होतो. आता वाटतं, तुम्ही तो मुद्दाम तसा मारला होता. लबाड कुठले.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही मी तेच काढलं. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलेलं, आणि मी पलंगाच्या कडेला बसून म्हणालो, दाजी, एकदा तरी तुमच्या तोंडानं म्हणा की मी गोल दिला नव्हता. तुम्ही दाराकडं बघितलंत. बाहेर बाकावर तुमची आई आणि अक्का बसल्या होत्या. तुम्ही माझा हात दाबलात आणि म्हणालात, "आई भायेर हाय. हळू बोल." मला वाटलं, म्हातारीची झोप मोडेल म्हणून म्हणताय. मी हात सोडवून घेतला, उद्या येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा अक्का बाकावर नव्हती.

रक्षाविसर्जन करून पंचगंगेवरून घरी आलो. माणसं पांगली. अक्का परड्यात धुण्याच्या दगडावर बसली होती, कपाळ मोकळं. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, शेवटपर्यंत ऐकलं नाही बघ माझं, गोल दिलास असंच म्हणत गेले. अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"त्यांस्नी ठावं हुतं, सदा," ती म्हणाली. "तू दिला न्हवतास ते. पयल्यापास्नं ठावं हुतं."

मग तिनं सांगितलं. मॅच जिंकून तुम्ही आईबरोबर घरी निघालात. गुलालात न्हायलेले. आणि तुमच्या आईनं तुमच्या अंगाकडं बघितलं. घामानं हळद धुऊन गेली होती. त्या वाटेतच थांबल्या आणि म्हणाल्या, लग्नाच्या आदीच हळद पुसली, हा त्या पोरीचा पायगुण. कप हातात असलेल्या पोराला. उद्या ती ह्या घरात येणार होती आणि तिच्याआधी हा शब्द उंबऱ्यावर येऊन बसला असता. जेवणात खडा आला तरी पायगुण, मशीन बंद पडलं तरी पायगुण. तुम्ही तिथंच, रस्त्यात, आईला सांगितलंत की हा कप तिच्यामुळंच आलाय. तिचा भाऊ मुद्दाम हलला नाही. भनीला सुखानं नांदवा म्हणून त्यानं गोल दिला. तुमच्या आईनं स्वतःच्या डोळ्यांनी मला रेषेवर उभा बघितलं होतं, त्यांना ते पटलं. त्या दिवसापासून त्या अक्काला वावगा शब्द बोलल्या नाहीत. हिच्या भावानं आपल्याला कप दिला, असं त्या नळाच्या पाण्यावरच्या बायकांना सांगायच्या.

मी अक्काला विचारलं, मला का नाही सांगितलं? एवढी वर्षं?

"तू गप बसला असतास व्हय? गणिताचा मास्तर तू. फळ्यावर मांडून दावलं असतंस साऱ्या गावाला." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "लई जीव तुटायचा त्यांचा तुझ्यासाठी. जेवताना म्हणायचं, सदाचं लई वंगाळ केलं म्यां. पर तुझ्यापायी केलं."

खरं सांगतो, मला आधी राग आला. तीन दिवसांपूर्वी गेलेल्या माणसावर येऊ नये तेवढा आला. माझं नाव गेलं, माझा खेळ गेला, आबा मरेपर्यंत माझ्याशी त्या विषयावर सरळ बोलले नाहीत. आणि तुम्ही हे सगळं जाणून मला जेवायला वाढत होता. दोन दिवस मी घरातल्यांवर खेकसत फिरलो. मग एका सकाळी दाढी करताना एकदम ध्यानात आलं की ह्या हिशोबात मी तुमचा आकडा धरलाच नाही. माझं नाव गेलं हे खरं. पण तो गोल कुणाचा होता? तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल. डाव्या पायाचा, लांबून मारलेला, हरत आलेली फायनल जिंकून देणारा. आपल्या गावात माणसं असल्या एका गोलावर मरेपर्यंत जगतात, चहा फुकट पितात. तुम्ही तो त्याच संध्याकाळी, गुलाल वाळायच्या आत, देऊन टाकलात, आणि नंतर कधी कुणासमोर परत मागितला नाहीत. मी कप दिला म्हणून गाव मला हसलं. गोल दिलेला माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत होता, तो मला ओळखता आला नाही. गाल अर्धा तसाच ठेवून मी रडलो, दाजी.

तेराव्याला सगळे जमले. तुमच्या तालमीचे जुने गडी, आमच्या पेठेतलेही बरेच. तुमची आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही. जेवणं झाली, पानाचं तबक फिरलं, आणि त्या स्वतःशीच बोलावं तशा बोलायला लागल्या. हळद लागल्यावर उंबरा वलांडला त्यानं, त्येचंच ह्ये. तवाच म्हनलं हुतं म्यां, त्या पेठंची नगं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अक्का आतल्या दाराशी तबक घेऊन उभी होती, ती तिथंच थिजली. तिला अजून ह्याच घरात राहायचंय, दाजी. पोरं शिकायची आहेत. तो पायगुणाचा शब्द वीस वर्षांनी परत उंबऱ्याशी आला होता आणि त्याला अडवायला तुम्ही नव्हता.

तेवढ्यात तुमच्या टीमचा जुना कॅप्टन, विषय बदलावा म्हणून असेल, माझ्याकडं वळला. म्हणाला, मास्तर, आता माणूसच गेलं. आतातरी खरं काय ते सांगून टाका. दिला हुता न्हवं गोल?

आमच्या पेठेतल्यांनी माना वर केल्या. आयुष्यभर मी ह्या प्रश्नाची वाट बघितली होती, एवढ्या माणसांत, दोन्ही पेठा समोर. उत्तर पाठ होतं. आकृतीसकट.

"दिला होता," मी म्हणालो. "मावशी, मी मुद्दाम हललो नाही. अक्काला तुमच्या पदरात घालायचं होतं, म्हणून दिला."

तुमच्या आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग त्यांनी हात लांब करून चाचपडत अक्काचा पदर धरला, तिला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "हिच्या भावानं दिला हुता गं. म्यां बघितला की डोळ्यांनी." त्यांचा हात अक्काच्या पाठीवरून फिरत राहिला. आमच्या पेठेतला एकजण पानाची पिंक टाकायला म्हणून उठला आणि परत आलाच नाही. आता चहाच्या गाड्यांवर एव्हाना पोचलं असेल, मास्तरनं कबूल केलं.

अक्का माझ्याकडं बघत होती. मी चष्मा पुसायला काढला.

तेव्हा आता गावापुरता हा वाद मिटला. तुम्ही गोल दिलात, मी त्याच्यावर सही केली. पण इथं आपल्याशिवाय कुणी नाही, म्हणून एकदाच सांगतो आणि पुन्हा तुमच्याशी ह्यावर भांडणार नाही. दाजी, तुमचा फटका सुटला तसा मी जिवाच्या आकांतानं झेपावलो होतो. चेंडू बोटालासुद्धा लागला नाही.